खांद्यावरून घरात आलेला लातिगो

ब्रह्मदेशच्या लढाईत लातिगोने गोळ्यांच्या माऱ्यात पुन्हा पुन्हा नदीत उतरून तीन जखमी सोबत्यांना पाठीवर आणलं, म्हणून त्याला पदक मिळालं. कुणी विचारलं तर तो एवढंच म्हणे, "तिघंही जड होते." समारंभात त्याच्यासाठी पहिली खुर्ची ठेवत, हा मागे जमिनीवर बसे. केवढा हा नम्रपणा, म्हणून आमचं अख्खं गाव माना डोलवी. माना डोलवायला काय जातं?

त्याच्या बायकोला, लामुनूला, मात्र त्यामागचं दुखणं ठाऊक होतं. आमच्या अचोली जमातीत लढाईत माणूस मारून परतलेला कुंपणाच्या दारात ठेवलेलं अंडं पायाने फोडूनच आत येतो. नाहीतर मेलेल्याची सावली त्याच्याबरोबर घरात शिरते. लातिगो परतला त्या दिवशी गावप्रमुखाच्या माणसांनी ढोल बडवत त्याला खांद्यावर उचललं आणि तसंच थेट अंगणात नेलं. अंडं दारात राहिलं. त्या गडबडीत लामुनूने तान्हा मुलगा त्याच्या हातात दिला. आठवडाही उलटला नाही, पोर तापाने गेलं.

पुढे मुली झाल्या, पण त्याने एकीलाही कधी उचललं नाही. दुरून बघत बसायचा. आता तरी तो विधी करू, असं लामुनू म्हणाली की उठून शेतात जायचा. ती त्या खांदेकऱ्यांना जन्मभर शिव्या देत राहिली.

धाकटी मुलगी लाकोत बाळंतपणाला आली, नातू झाला, तेव्हा म्हातारीने हट्टच धरला. "अहो, मरायच्या आधी एकदा तरी या घरातलं लेकरू हातात घ्या."

लातिगोच्या थोरल्या भावाने, ओर्येमने, दारात अंडं ठेवलं. लातिगो काठी टेकत कुंपणाबाहेर गेला, वळला आणि अंड्यापुढे थांबला.

"जपान्यांना भ्याला नाहीस, अंड्याला भितोस होय रे?" ओर्येम म्हणाला.

"त्या दिवशी मला दिसलं होतं हे," लातिगो म्हणाला. "वरून चांगलं दिसलं. खाली उतरवा म्हणालो असतो, तर उतरवलं असतं त्यांनी."

"मग म्हणाला का नाहीत?" नातवाला घेऊन उभ्या असलेल्या लामुनूने विचारलं.

"बरं वाटत होतं गं. सगळे माझं नाव घेत होते. म्हटलं, नंतर करू."

गोळ्यांत उतरायला त्याला क्षण लागला नव्हता. हे सांगायला उभा जन्म गेला. मला विचाराल तर हेच जास्त अवघड होतं.

त्याने पाय ठेवला, अंडं फुटलं. ओर्येमने पाणी शिंपडलं आणि झालं म्हणाला. लातिगोने आत येऊन हात पुढे केले.

याच घडीसाठी लामुनूने इतकी वर्षं विनवण्या केल्या होत्या. पोर द्यायचं तिच्या मनात होतं, पण हात काही केल्या सुटेनात. त्या तान्ह्यालाही तिनेच याच हातांत दिलं होतं.

लातिगोने हात खाली घेतले.

"राहू दे, लामुनू," तो म्हणाला. "तूच धर."