पडद्यामागचा कारागीर

आमच्या टेलरबाईंची जीभ त्यांच्या कात्रीपेक्षा धारदार. गिऱ्हाईक पोट आत ओढून उभं राहिलं की म्हणणार, "सोडा श्वास. कोट तुम्हाला घालायचाय, मला नाही." ही बाई कुणापुढे मान खाली घालेल असं वाटत नसे. पण दुकानातल्या पडद्यामागे त्यांचा थोरला भाऊ बसायचा, आणि त्याची त्यांना लाज वाटायची.

दादा एकेकाळी गणिताचा नावाजलेला प्राध्यापक. त्याने मांडलेला सिद्धांत अजून शिकवतात. मग डोकं फिरलं. भिंती आपलं बोलणं ऐकतात म्हणून तो वर्गात बोलेनासा झाला, नोकरी गेली आणि तो बहिणीकडे आला. औषधांनी बराच निवळला, तरी खडू हाती लागला की लोकांच्या कापडावर समीकरणं मांडायचा. बाई ती ब्रशने झटकायच्या आणि गिऱ्हाइकांना सांगायच्या, "आत कारागीर आहे, काजं-बटणं करतो." दादा त्यांना 'चिमे' म्हणायचा, तेही दुकान रिकामं असलं तरच; गिऱ्हाइकं असली की तो बोलतच नसे.

एका दुपारी ऐन गर्दीत दादाच्या जुन्या कॉलेजातली एक तरुण प्राध्यापिका आली. तिने दादाला कधी पाहिलं नव्हतं. अदबीने म्हणाली, "सर इथे राहतात ना? मुलांना त्यांना भेटायचंय. बोलले नाहीत, नुसते फळ्यापाशी उभे राहिले तरी चालेल."

बाईंनी पडद्याकडे पाहिलं. भरवर्गात हा काहीबाही बरळला तर? उद्या सगळी गल्ली दात काढील.

"दादा इथे नसतो आता," त्या म्हणाल्या. "लांब नातेवाइकांकडे असतो."

तेवढ्यात पडदा सरला. दादा कोट घेऊन बाहेर आला. त्याने बहिणीकडे पाहिलं आणि कोट टेबलावर ठेवला.

"बटणं लावून झाली, बाई," म्हणाला आणि आत गेला.

'बाई' ऐकून त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपण वेडा म्हणून ज्याला लपवत होतो, त्याला सगळं कळत होतं. निघून गेलेल्या प्राध्यापिकेमागे त्या अनवाणी धावल्या, तिला परत आणलं आणि सगळ्यांसमोर पडदा बाजूला सारला. "हा माझा दादा. हेच सर."

दादाने काजावरची नजर काढली नाही.

"सर लांब नातेवाइकांकडे असतात," तो शांतपणे म्हणाला. "मी कारागीर."

आता बाई खडू मुद्दाम त्याच्यापुढे ठेवतात. तो हात लावत नाही. भरल्या दुकानात त्या मोठ्याने 'दादा' म्हणून हाक मारतात, आणि आतून उत्तर येतं, "आलो, बाई."