पुढच्या एक्सलची ट्रायल

बाळापूर रोडवरच्या आमच्या मिस्त्रीला माझी जुनी पिकअप बघवत नाही. शेतातल्या चिखलातून निघावी म्हणून मी ती वीतभर उंच करून घेतली, तेव्हापासून तिचा पुढचा एक्सल सारखा कुरकुरतो.

"आनला का उंट, भाऊ?" असं म्हणत तो गाडीखाली शिरतो आणि तिथूनच बोलत राहतो. "बिचारीचे पाय तानून ठेवले तुमी. दुखन नाई तं काय."

या वेळी त्यानं एक्सलच बदलला. पण काम झालं तरी हा गाडी लगेच देत नाही. गॅरेजमागच्या घरातून बायकोला बोलावतो, शेजारी बसवतो आणि खड्ड्यांतून एक चक्कर मारतो. ती काही बोलली नाही तर एक्सल पास. "चूक तिलेच सापडते," हे तो तिच्यादेखत सांगतो.

माझ्या गाडीत मात्र तिला चढताच येईना. साडी सावरत तिनं पाय टाकून पाहिला आणि घरात निघून गेली. मिस्त्री मला म्हणाला, "उद्या या."

दुसऱ्या दिवशी डाव्या दाराखाली लोखंडी पायरी वेल्ड केलेली होती.

"हे मी कुठं सांगितलं होतं?"

"ट्रायल राहिली होती ना, भाऊ."

गाडी उंच केल्यापासून माझी बायको शेतात स्कूटीनंच येते. मला वाटायचं, तिला पिकअप आवडत नाही. मी गाडी घरी आणल्यावर तिनं पायरी पाहिली, चढून आत बसली आणि म्हणाली, "मिस्त्रीलेच सुचलं असन हे."