रविवारची आठ मिनिटं

"काका, तुमची आठ मिनिटं संपली."

सोमवारी सकाळी साडेसातच्या सुमारास, पुण्याच्या पूर्वेकडच्या एका मोठ्या रस्त्याच्या कडेला, मी दुसऱ्याची सायकल धरून उभा होतो तेव्हा मला हे ऐकवण्यात आलं. ऐकवणारी झोया, वय सहा. बापाच्या सायकलवर मागं बसली होती. शाळेत नुकतंच घड्याळ शिकवलं होतं, म्हणून आईचं जुनं घड्याळ रबरबँड लावून तिनं मनगटावर बसवलं होतं. आमच्या प्रोजेक्टचं गेट अजून पाठीमागं दिसत होतं. शाळा कुठंच दिसत नव्हती.

ती आठ मिनिटं माझीच होती. 'शाळा आठ मिनिटांवर' असं ब्रोशरवर छापलेलं होतं आणि तोंडानंही मीच सांगितलं होतं.

माझा धंदा सांगतो. धाराशिवला माझं छोटं ऑफिस आहे. आपल्या जिल्ह्यातल्या लोकांना पुण्यात फ्लॅट घ्यायचा असला की मी त्यांना दाखवतो. बुकिंग झालं की बिल्डर मला कमिशन देतो. फ्लॅट दाखवायला नेणं म्हणजे साइट व्हिजिट. आमची साइट व्हिजिट नेहमी रविवारी असायची. शनिवारी रात्री जीप निघायची, जिथं गिऱ्हाईक असेल तिथून वळसा घेत बार्शीमार्गे पहाटे पुण्यात पोचायची. सकाळी सात ते अकरा फ्लॅट बघायचे, जेवण बिल्डरकडून, आणि लगेच परत. मास्तर सोमवारी शाळेत हजर, दुकानदार दुकानात. अठरा वर्षं हे असंच चाललं होतं.

यात एक गोष्ट आपोआप झाली. माझ्या एकाही गिऱ्हाइकानं बुकिंगच्या आधी पुण्याचा रस्ता सोमवारी पाहिला नाही. आणि ती आठ मिनिटं मी मोजली होती एका रविवारी सकाळी साडेसहाला, मोटारसायकलवर, सिग्नल बंद असताना. बिल्डरच्या सेल्सच्या मॅडमनी फोनवर विचारलं, मी सांगितलं, त्यांनी छापलं.

झोयाचे वडील जावेदभाई. येरमाळ्याला हायवेवर त्यांचं चष्म्याचं दुकान. काच घासून फ्रेममध्ये बसवायचं काम स्वतः करायचे. बायकोला, नसरीनला, पुण्यात एका दवाखान्यात नर्सची नोकरी लागली आणि जावेदभाईंना तिथंच लेन्सच्या लॅबमध्ये काम मिळालं. झोयाचा प्रवेश दवाखान्याजवळच्या शाळेत झाला. फक्त घर राहिलं होतं. नसरीनची ड्यूटी सातला सुरू व्हायची, त्यामुळं पोरीला शाळेत सोडणं बापाकडं.

अडचण एकच होती. झोयाला गाडी लागते. एसटी, जीप, रिक्षा, काहीही. इंजिन सुरू झालं की पोरगी पांढरी पडते. येरमाळ्यात बाप तिला सायकलवर नेत असे. कॅरिअरवर शिवलेली उशी, पाय चाकात जाऊ नये म्हणून दोन्ही बाजूंना जाळी, आणि धरायला सीटच्या मागं लावलेली कडी. सायकलवर ती अख्खा वेळ बोलायची. स्कूल व्हॅनमध्ये बसवलं तर रोज आजारी पोरगी शाळेत पोचणार होती. जावेदभाईंनी पहिल्याच दिवशी माझ्या ऑफिसात येऊन सांगितलं होतं, "साहेब, फ्लॅट कसाबी चालंल. पण शाळा सायकलच्या टप्प्यात पायजे."

"आठ मिनिटं," मी ब्रोशरवर बोट ठेवलं.

"कशावर?"

इथं मला थांबता आलं असतं. ते खुर्चीतून अर्धवट उठल्यासारखे वाटले म्हणून मी म्हणालो, "सायकलवरसुद्धा. उलट सायकल लवकर जाते, पार्किंग शोधावं लागत नाही."

ठरल्या शनिवारी रात्री जावेदभाई, झोया आणि मी निघालो. बार्शी, कुर्डुवाडी, इंदापूर अशी झोयासाठी तीन वेळा जीप थांबवली. जीपच्या टपावर जावेदभाईंची सायकल बांधलेली होती. कुण्या नातेवाइकाला द्यायची असेल असं मला वाटलं. मी विचारलं नाही.

फ्लॅट त्यांना आवडला. सहावा मजला, वारा चांगला, गॅलरीतून कालव्याकडचा हिरवा पट्टा दिसायचा. मी बुकिंगचा फॉर्म काढला, पेनचं टोपण काढून पेन पुढं केलं. जावेदभाईंनी पेन घेतलं, खिशाला लावलं आणि म्हणाले, "उद्या सोमवार हाय. शाळेच्या टायमाला एकदा जाऊन बघू. मग सही."

मी म्हणालो, जीप आज परत जाणार. ते म्हणाले, जाऊ द्या की जीप, तुम्ही ऱ्हावा. जवळच नसरीनची मावशी राहते, आमचं बापलेकीचं तिथं होईल. तुमचं काय ते बघा.

माझं म्हणजे सॅम्पल फ्लॅट. लोकांना दाखवायला बिल्डर एक फ्लॅट सजवून ठेवतो, त्याला सॅम्पल फ्लॅट म्हणतात. त्यातला पलंग मुद्दाम आखूड बनवलेला असतो, म्हणजे बेडरूम मोठी वाटते. मला हे माहीत होतं. गिऱ्हाइकाला मी कधी सांगितलं नव्हतं. त्या रात्री माझे पाय पोटऱ्यांपासून पलंगाबाहेर होते. नळ होते, पाणी नव्हतं. टीव्ही पुठ्ठ्याचा होता. मी हेच विकत आलो, हा विचार झोपेपर्यंत गेला नाही.

सकाळी मला सायकल दिली साइटच्या वॉचमननी. हे सास्तूरचे रामभाऊमामा, वय पासष्टच्या पुढं. आपल्याकडचे म्हणून मीच त्यांना तिथं चिकटवलं होतं. कुठं निघालो ते ऐकून त्यांनी आधी माझ्या पोटाकडं पाहिलं, मग सायकलच्या चाकाकडं.

"हवा भरून देतो," ते म्हणाले. "पर आठ वाजता शाळा असंल तर साडेसहाला निघाया पायजे होतं. आत्ता गेलात तर शाळा सुटायच्या टायमाला पोचताल."

मी त्यांना डोळ्यांनी खुणावलं, की जरा गप्प बसा. त्यांनी पाहिलं आणि जावेदभाईंकडं वळून पुढं चालू ठेवलं. "त्र्याण्णवच्या भूकंपानंतर आमाला नवी घरं मिळाली. घर झ्याक. पण माझं शेत पडलं दुसऱ्या टोकाला. पंचवीस वर्सं बैलांचा निम्मा दिस रस्त्यातच गेला. घर काय, आत गेल्यावर सारखंच. रस्ता बघा."

सात वीसला आम्ही निघालो.

पहिली अडचण दुभाजकाची. नकाशावर शाळेचा रस्ता गेटच्या जवळजवळ समोर आहे. पण मधे दुभाजक, आणि तो ओलांडायची जागा डावीकडं दीड किलोमीटरवर. मोटारसायकलवर रविवारी मी काय केलं होतं ते मला तेव्हा आठवलं. उलट्या बाजूनं गेलो होतो.

"सगळे इथून उलटेच जातात," मी म्हणालो.

जावेदभाईंनी समोरून येणारा पाण्याचा टँकर पाहिला, मग मागं बसलेल्या झोयाकडं पाहिलं आणि डावीकडं वळले. तिथं झोयानं आठ मिनिटं संपल्याचं जाहीर केलं.

दुसरी अडचण सायकल ट्रॅकची. ब्रोशरवर ट्रॅकचा फोटो होता आणि ट्रॅक खरोखर होता. सुरुवातीला हिरवा रंग, पांढरी सायकल काढलेली. पुढं एक पोह्यांची गाडी. तिला वळसा घातला तर विजेचा मोठा डबा, तोही हिरवाच, ट्रॅकच्या बरोबर मधोमध. डब्यापलीकडं उभ्या केलेल्या मोटारसायकली. आणि शेवटी ट्रॅक एका कंपाउंडच्या भिंतीला जाऊन लागला. भिंतीवर कुणीतरी 'गाड्या लावू नये' लिहिलं होतं.

"अब्बू, सायकल भिंतीत जाती का?" झोयानं विचारलं. बापानं उत्तर माझ्यावर सोडलं.

तिसरी अडचण पुलाची. मोटारसायकलला चढ कळत नाही. सायकलला लगेच कळतो. जावेदभाई उतरून सायकल ढकलू लागले. मी त्यांच्या आधीच उतरलो होतो. उजवीकडून आधी बस, मग डंपर. एका बसचा आरसा माझ्या कानाजवळून गेला. जावेदभाईंनी झोयाला उतरवून स्वतःच्या आणि कठड्याच्या मधे चालवलं, तेव्हा ती पहिल्यांदाच गप्प झाली. तिनं घड्याळाकडं बघणं सोडून बापाचा शर्ट धरला. मला ते बघवेना. माझ्या अठरा वर्षांच्या धंद्यात कुणी माझ्यासमोर असा शर्ट धरला नव्हता. पण धरला असणारच. मी तेव्हा धाराशिवला असायचो.

शाळेच्या गेटवर पोचलो तेव्हा झोयानं जाहीर केलं, "एक्केचाळीस." घंटा होऊन गेट बंद झालं होतं. मी पायरीवर बसलो. शिपाई बाहेर आला, माझ्याकडं बघून म्हणाला, "ॲडमिशन बंद झालंय."

तेवढ्यात सेल्सच्या मॅडमचा फोन.

"बुकिंग झालं?"

"मॅडम, आठ मिनिटांना एक्केचाळीस लागली."

"कसं काय? कशानं गेलात?"

"सायकलनं."

"सायकलनं कशाला गेलात?"

"मीच सांगितलं होतं सायकलनं आठ लागतात म्हणून."

मग त्या समजुतीच्या सुरात म्हणाल्या, "रविवारी न्यायचं ना हो."

मी फोन ठेवला. जावेदभाई झोयाला पाणी पाजत होते. मी त्यांच्याजवळ गेलो. जे मी बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं ते सांगितलं. रविवार, मोटारसायकल, उलटी बाजू, आखूड पलंग, सगळं. म्हणालो, "जावेदभाई, मी तुमच्याशी खोटं बोललो."

"ते ठावं होतं, साहेब," ते म्हणाले. "किती खोटं, तेवढं मोजायचं होतं."

मग ते बाटलीचं टोपण लावत म्हणाले, "आता बसू नका. आपण उलटं चालू केलं होतं. घर धरून शाळा हुडकत होतो. आता शाळा धरून घर हुडकू. उद्या सकाळी इथंच उभं राहायचं आणि बघायचं, सायकलवर पोरं कुठनं येत्यात."

दुसऱ्या दिवशी पावणेआठला आम्ही तिघं गेटवर उभे. व्हॅन, रिक्षा, स्कूटर यांची रांग पुढच्या गेटला. सायकलवाला एकही नाही. मी नाराज झालो. झोया म्हणाली, मागं पण एक गेट आहे. काल बसलो होतो तिथून तिला दिसलं होतं. मागच्या गेटला गेलो तर सायकली. पाच-सहाच होत्या, पण निवांत. एक पप्पा तर कॅरिअरवर पोरगी आणि हँडलला भाजीची पिशवी लावून आले होते. पोरीला सोडून ते परत निघाले, आणि आम्ही आमच्या सायकली घेऊन त्यांच्या मागं लागलो. दोन वळणांनंतर त्यांनी थांबून विचारलं, काय पाहिजे. जावेदभाईंनी सांगितलं, "घर." ते म्हणाले, मग या.

कालव्याकडेचा मातीचा रस्ता, मग एक शांत गल्ली, मग चाळीस वर्षांपूर्वीची तीन मजली सोसायटी. लिफ्ट नाही, रंग नाही. तळमजल्याची एक जागा रिकामी होती, भाड्यानं. झोया म्हणाली, "अकरा."

मालकीण वरच्या मजल्यावर राहायच्या. बोलणं मी केलं, कारण तेवढं मला येतं. त्यांनी भाडेकरूचं नाव विचारलं. मी सांगितलं, जावेद शेख. त्या थांबल्या. हे थांबणं मला ठाऊक आहे. याच्यानंतर 'मुलाला विचारून सांगते' येतं. असे फोन मी पुष्कळ ऐकलेत आणि तेव्हा काही न बोलता पुढच्या घराचा नंबर लावलाय. या वेळी मात्र बोलायचंच असं मी मनाशी ठरवलं. तोंड उघडणार इतक्यात त्या म्हणाल्या, "सायकल जिन्याखाली लावणार असतील तर नाही जमणार. तिथं माझी असते."

जावेदभाईंनी सायकल खिडकीखाली लावायचं कबूल केलं. दोन वर्षं भाड्यानं राहू, मग विकत घ्यायचं बघू असं ठरलं. बिल्डरच्या लेखी मी रिकाम्या हातानं परतलो.

परत आल्यावर मला स्वस्थ बसवेना. जुन्या गिऱ्हाइकांची वही काढून मी एकेकाला फोन करून माफी मागायला सुरुवात केली. बहुतेकांना मी काय बोलतोय तेच कळेना. काहींना पाण्याच्या प्रेशरबद्दल बोलायचं होतं. तेरखेड्याच्या एका निवृत्त मास्तरांचा मुलगा त्याच प्रोजेक्टमध्ये राहतो. त्यांना म्हणालो, मास्तर, मी आठ मिनिटं सांगितली होती, ते खोटं होतं, मुलाला फार त्रास होत असेल. मास्तर म्हणाले, "अहो, तो दुभाजकाजवळ रोज पाऊण तास अडकतो. त्या पाऊण तासात आम्हाला फोन करतो. आधी महिना महिना करायचा नाही. तुम्ही काही दुरुस्त करू नका."

मॅडमना मी ब्रोशरवरची आठ मिनिटं काढायला सांगितली. त्यांनी ऐकलं. नव्या ब्रोशरवर छापलंय, 'शाळा हाकेच्या अंतरावर'.

माझी जीप आता रविवारी निघते आणि साइट व्हिजिट सोमवारी सकाळी असते. गिऱ्हाईक निम्मं झालंय. कुणी विचारलं की शाळा किती लांब, तर मी आधी विचारतो, किती वाजता, कशावर आणि मागं कोण बसणार. बरेच जण तिथंच उठतात. जे बसून राहतात त्यांच्यासाठी रामभाऊमामांच्या सायकलीत हवा भरून ठेवलेली असते.