कुत्र्यासाठीची फळी

आमच्या शिंगणापुरात घरांना दारं नाहीत. चौकट असते, तिला पडदा असतो आणि कुत्री आत शिरू नयेत म्हणून रात्री खाली एक फळी टेकवून ठेवतात. गावाची श्रद्धा आहे, तिच्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. माझा राग वेगळा आहे.

मी नर्स आहे. नगरच्या एका दवाखान्यात मला कायमची रात्रपाळी. सकाळी नऊला घरी यायचं, अंघोळ करायची आणि चारपर्यंत झोपायचं, एवढंच मला हवं होतं. साडेनवाला शेजारीण पडदा सारून विरजण मागायची. अकराला सासूबाई माझ्या उशाशी गव्हाची कोठी उघडायच्या. दुपारी दर्शनाला आलेले पाहुणे "सूनबाई झोपल्यात व्हय?" असं विचारूनच मला उठवायचे.

पेशंटला घरी सोडताना झोपेबद्दल चार शब्द मीच सांगते. रोज एकाच वेळी झोपा, खोलीत अंधार ठेवा, मोबाईल लांब ठेवा, दार लावून घ्या. शेवटचं सांगताना माझं मलाच हसू यायचं आणि मग संताप यायचा.

एका पहाटे मी एका आजोबांसाठी सिरिंजमध्ये इन्सुलिन दुप्पट भरलं. टोचणार इतक्यात सोबतच्या सिस्टरनं माझा हात धरला. आजोबा गाढ झोपले होते, त्यांना काहीच कळलं नाही. मी बाथरूममध्ये जाऊन रडले. महिनोन्महिने तुकड्यातुकड्यांनी झोपणाऱ्या बाईच्या हातात मी कोणाचाही जीव दिला नसता, आणि ती बाई मीच होते.

त्या सकाळी मी फळी उचलली, माझ्या खोलीच्या चौकटीत आडवी लावली आणि मागे ट्रंक सरकवली. सासूबाईंनी ती ढकलून पाडली.

"फळी कुत्र्यासाठी आस्ती," त्या म्हणाल्या. "घरातली मानसं काय कुत्री हायेत का? आन् दिवसाढवळ्या झोपतं का कुनी?"

मी इन्सुलिनचं सगळं सांगितलं. त्यांनी ऐकलं आणि गहू घेऊन गेल्या. नवरा म्हणाला, "आईचं वय झालंय, तूच जरा सवय कर." मीही मूर्ख. दार नाही त्याला कोण काय करणार, अशी मनाची समजूत घातली.

मग गळीत हंगाम सुरू झाला आणि साखर कारखान्यात नवऱ्याला रात्रपाळी लागली. खोली तीच, चौकट तीच, पडदाही तोच. पण आता सासूबाई सकाळपासून ओट्यावर ठाण मांडून बसू लागल्या. "हळू बोला, लेकरू रातभर जागलंय." विरजण परसातून जाऊ लागलं. गहू आदल्या संध्याकाळीच काढून ठेवले जाऊ लागले. पाहुण्यांना देवळाच्या अंगणातच चहा मिळू लागला.

त्याच्या शेजारी पडून मी सलग सहा तास झोपले. उठले तेव्हा अंग हलकं झालं होतं आणि डोकं भणभणत होतं. म्हणजे हे सगळं येत होतं त्यांना. पहिल्या दिवसापासून येत होतं.

हंगाम संपेपर्यंत मी त्याच्या वाट्याची झोप झोपले. संपला, तो दिवसपाळीला गेला आणि दुसऱ्याच सकाळी साडेनवाला पडदा सरला. शेजारीण वाटी घेऊन उभी होती. सासूबाई तिच्या मागेच होत्या, आणि गप्प होत्या.

मी चार कपडे पिशवीत भरले आणि नगरची एसटी धरली. दवाखान्यात सिस्टर लोकांसाठी एक खोली आहे. लोखंडी कॉट, पातळ गादी, आणि दाराला आतून कडी. मी कडी लावली.

संध्याकाळी नवऱ्याचा फोन आला. "घरी कधी येतेस?"

"झोप झाली की," मी म्हणाले.

आज अकरावा दिवस आहे. झोप अजून झालेली नाही.