होणाऱ्या जावयाची आवडती कादंबरी

लेकीने स्वतःच पसंत केलेला मुलगा पहिल्यांदा आमच्या पनवेलच्या घरी आला, तेव्हा पोहे संपवून त्याने आपली बशी स्वतः उचलून सिंकमध्ये ठेवली. मला तिथेच संशय आला. पहिल्याच भेटीत इतका गुणी? आमचे हे म्हणाले, "तुला लोकांचे गुणसुद्धा खुपतात." खुपतातच. हे कितीतरी वर्षं मस्कतला नोकरीला, वर्षातून एकदा घरी यायचे, आणि मुलगी मी एकटीने वाढवली. क्लासचा मास्तर असो की गॅसवाला, पारखून घेतल्याशिवाय कुणाला उंबरा ओलांडू दिला नाही. सवय अशी थोडीच जाते.

ह्यांना मी रोडपालीला पाठवलं, त्याच्या सोसायटीत चौकशी करायला. वॉचमन, वाणी, इस्त्रीवाला, सगळे म्हणे त्याच्याबद्दल चांगलंच बोलले. आता इतक्या माणसांत एकाचंही वाईट मत नाही, हे मला पटेना.

मग आठवलं. आवडतं पुस्तक कोणतं असं मी त्याला विचारलं होतं, तेव्हा त्याने ड्रॅगन आणि राजपुत्रांच्या एका जाडजूड कादंबरीचं नाव घेतलं होतं. ती सापडली कुठे, तर लेकीच्याच कपाटात. म्हणजे साहेबांची भेटही देऊन झाली होती. म्हटलं, वाण्यापेक्षा हे पुस्तक खरं सांगेल. दुपारी भांडी आवरली की मी ते घेऊन बसायला लागले.

कसलं डोंबलाचं पुस्तक. सुरुवातीला नकाशा, पुढे जीभ वळणार नाही अशी नावं. पानंच्या पानं लोक डोंगर चढतायत, पण खातायत काय ते कुणी सांगत नाही. जरा कुणी अडचणीत आला की म्हातारा जादूगार हजर. तेही मी सोसलं असतं. पण नायक तान्ही मुलगी आणि बायको गावात ठेवून ड्रॅगनचं अंडं शोधायला निघतो, आणि त्यानंतर त्या बायकोचा उल्लेखच नाही. साधा निरोपसुद्धा नाही. मी वाट पाहून पाहून कंटाळले आणि अर्ध्यावर आल्यावर पुस्तक मिटून टाकलं.

रविवारी हे बाहेर गेल्यावर लेकीला सरळ सांगितलं, "हा मुलगा मला नको. तुझ्या कपाटातलं त्याचं ते पुस्तक मी अर्धं वाचून सोडलं. असलं पुस्तक ज्याला आवडतं, तो उद्या तुलाही असाच ठेवून जाईल."

ती आधी हसली. मग म्हणाली, "आई, त्याने ते वाचलेलंच नाही. चार पानांत झोपला. तू विचारलंस तेव्हा घाबरला आणि माझ्या आवडीचं नाव सांगून मोकळा झाला. पुस्तक माझं आहे, कॉलेजपासून."

"तुझं? तुला काय आवडलं त्यात?"

"ती बायको. तू सोडलंस ना, त्याच्या पुढे सगळं तिचंच आहे. एकटी गाव सांभाळते. कुणावर पटकन विश्वास ठेवत नाही." ती माझ्याकडे बघत नव्हती. "शेवटी नवरा परत येतो, आणि ती दार उघडत नाही."

मला भरून आलं, आणि रागही आला. "मी उघडलं होतं," मी म्हटलं.

"माहितीये. दर वेळी पुरणपोळ्या करून. म्हणून मी बशी उचलणारा बघितला, आई."

तेवढ्यात बेल वाजली. मीच ह्यांना पुन्हा रोडपालीला धाडलं होतं. मी जागची हलले नाही. बेल परत वाजली, मग बाहेर खिशात किल्ल्या चाचपल्याचा आवाज आला. तेव्हा कुठे मी उठले आणि दार उघडलं.

"काहीही सापडलं नाही," हे चपला काढत म्हणाले.

"होकार कळवून टाका," मी म्हटलं.

पुस्तक मी परत तिच्या कपाटात ठेवलं. उरलेलं वाचायचा मला धीर झाला नाही.