बिनडोहाळ्यांचं डोहाळजेवण

"ह्यांचं राहू दे, तुझं सांग."

बाईंचं हे वाक्य आमच्या बाग सेवनिया वस्तीतल्या एकाही बाईला चुकलं नसेल. विचारणार साधंच, चहात साखर किती घालू. आपण सवयीनं म्हणणार, ह्यांना कमी लागते. की चमचा हवेत थांबायचा आणि हे वाक्य यायचं. तुमच्या ओळखीत असं कुणी असेल तर तुम्हाला ठाऊकच आहे, अशा माणसापुढे आपली उगाच धांदल उडते.

बाईंनी जन्मभर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलं. लग्न केलं नाही. थंडीत आम्ही सगळ्या टोपलीभर मटार घेऊन त्यांच्या ओट्यावर सोलायला बसायचो आणि घरी जाताना म्हणायचो, हिला काय कळतंय संसारातलं.

अशाच एका दुपारी शेजारच्या सुमनताईंनी मला सुनेचं सांगितलं. हळू आवाजात सांगितलं खरं, पण सुमनताईंचा हळू आवाजही गल्लीपर्यंत जातो. त्यांची सून मृणाल, उज्जैनची, गरीब पोर. लग्नाला काही वर्षं होऊन मूल नव्हतं. तिनं विश्वासानं नणंदेजवळ मन मोकळं केलं, की नवऱ्याजवळ असते, पण बायकांना जे सुख होतं म्हणतात ते मला कधी झालंच नाही. नणंदेनं ते तसंच्या तसं आईच्या कानात घातलं. आणि सुमनताईंच्या माहेरी कुणा आत्यानं सांगून ठेवलेलं, बाईला ते सुख झाल्याशिवाय गर्भ धरत नाही. झालं. सून थंड आहे, रविवारी माहेरी पोचवते, पुढचं मग बघू, म्हणाल्या. बॅगसुद्धा भरून तयार होती.

बाईंनी हातातली शेंग खाली ठेवली.

"सुमनताई, तुम्ही सांगताय ते मांजरीचं. सशिणीचं. नर जवळ आल्याशिवाय त्यांचं अंडं सुटत नाही. बाईचं महिन्याच्या महिन्याला आपलं आपण सुटतं. तिला सुख होवो, न होवो."

"तुम्ही लग्न नाही केलंत, बाई," सुमनताई म्हणाल्या.

"हाओ, नाही केलं. मी बेडूकही नव्हते. तरी बेडूक शिकवला."

आम्ही हसलो, सुमनताई सोडून. मला मात्र राहवेना. या वयात काय लाजायचं? मी विचारलं, मग बाळासाठी लागतच नाही तर निसर्गानं हे ठेवलंय कशाला?

बाई एकदम वर्गात उभ्या असल्यासारख्या फुलल्या. म्हणाल्या, यावर विद्वानांची भांडणं अजून मिटलेली नाहीत. कुणी म्हणतं, जोडीदार पारखता यावा म्हणून. कुणी म्हणतं, फार जुन्या पूर्वजांत मांजरीसारखंच त्याचं काम होतं, ते काम संपलं, सुख तेवढं उरलं. कुणी म्हणतं, पोटात मुलगा-मुलगी आधी एकाच साच्यात घडतात, म्हणून जशी पुरुषाला छातीवर बोंडं, तसं बाईला हे. आणि नुसत्या संभोगानं ते पुष्कळ बायकांना होतच नाही, त्यांना थंड म्हणत नाहीत. मूल का होत नाही ते दोघांनी मिळून डॉक्टरांना विचारावं, ती गोष्टच वेगळी.

मग शेंग परत उचलून म्हणाल्या, "बाळासाठी लागत नाही म्हणजे ते तिचं एकटीचंच झालं की."

शनिवारी त्यांनी मृणालला डोहाळजेवणाला बोलावलं. हो, डोहाळजेवण. पोरीला दिवस नाहीत आणि केसांत गजरा, पाटाभोवती रांगोळी. मी वाढायला होते. बाई म्हणाल्या, बाईला काय हवं ते आपण पोट आल्यावरच विचारतो, मी आधी विचारते. बोल, काय खावंसं वाटतं?

मृणाल म्हणाली, "ह्यांना भरली वांगी आवडतात."

"ह्यांना मी जेवायला बोलावलेलं नाही."

पोरीनं ताटाकडे बघितलं. म्हणाली, "मला कळतच नाही हो, मला काय हवंय ते." आणि रडायला लागली.

बाईंनी तिला रडू दिलं. मग म्हणाल्या, "आधी शोध. जेवणातलं शोध, बिछान्यातलंही शोध. सापडलं की नवऱ्याला सांग. त्याला काही स्वप्न पडणार नाही."

मृणाल रविवारी गेली नाही. सासूला स्वतःच म्हणाली, जात नाही मी. सुमनताई बरेच दिवस माझ्याशीही बोलत नव्हत्या. त्या घरात पुढं काय झालं ते आपण विचारू नये, मीही विचारलं नाही.

बाई गुडघ्यांनी थकल्या, नागपूरला भाचीकडे राहायला गेल्या आणि तिथंच वारल्या. मला डोळ्यांपुढे येतात त्या इथून निघतानाच्या. दारात टॅक्सी उभी, आम्ही सगळ्या गोळा झालेल्या, एवढ्यात मृणालचा नवरा आला. कारखान्यात नोकरी करणारा मुखदुर्बळ मुलगा, बायकांच्या घोळक्यात एकटा. वाकून नमस्कार केला.

"मृणाल कुठाय?" बाईंनी विचारलं.

"नाही आली. तुम्हाला जाताना बघायचं नाही म्हणाली." मग म्हणाला, "मी विचारतो आता तिला, तुला काय हवंय." आणि त्याचे कान लालभडक झाले.

बाईंनी त्याचा हात दोन्ही हातांत धरला आणि ड्रायव्हरनं हॉर्न दिला तरी सोडला नाही.