न दुखणारं पोट

माझी गर्भपिशवी नगरला काढली. ऑपरेशन चालू असतानाच भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी पोटाच्या दोन्ही बाजूंच्या नसांजवळ बधिर करणारं औषध सोडलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठून बसले आणि चहा घेतला. आमच्या भावकीत असं कधी घडलं नव्हतं.

भेटायला आलेल्या चुलत सासूबाई स्वतःचं ऑपरेशन टाक्यांसकट सांगायच्या तयारीनं आल्या होत्या.

"लई दुखतंय का गं?"

"नाही."

"जराबी न्हाई?"

"नाही," मी तोऱ्यात म्हणाले. त्यांचा चेहरा पडला.

तो तोरा मला नडला. माझे सहा आठवडे विश्रांतीचे ठरले होते. तेवढे दिवस आमच्या चार गाईंच्या धारा काढायला नणंद देवळालीहून आमच्या घरी येऊन राहिली होती. पलंगाशेजारी बसलेल्या माझ्या सख्ख्या सासूबाई म्हणाल्या, "पोरीला माघारी धाडते. हिला काय झालंय? बसून च्या पितीय."

तेवढ्यात डॉक्टरीणबाई आल्या. "शून्य ते दहा, किती दुखतंय?"

आठ म्हणावं तर गुंगीचं इंजेक्शन, दोन म्हणावं तर गाई. फुकटची सुई कोण टोचून घेणार? "दोन," मी म्हणाले.

"दोन व्हय!" सासूबाई म्हणाल्या. "दोनात तर मी उसाच्या मोळ्या बांधल्यात."

"आजी, नसा बधिर केल्यात म्हणून तिला कळत नाही. आतले टाके कच्चेच आहेत. सहा आठवडे बादली उचलायची नाही."

"पन दुखतच न्हाई, तर जपायचं काय?"

बाईंनी कागदावर 'दोन' लिहिलं. त्या पुढच्या पलंगाकडे गेल्या.

सासूबाईंनी नणंदेला फोन लावला. मी पोट धरून अख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल असं "आई गं!" केलं.

"दुखतंय?"

"लई."

त्यांचा चेहरा खुलला. लग्नानंतर पहिल्यांदाच त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. फोनवर म्हणाल्या, "ऱ्हा गं तू तिथंच. हिचं काय खरं न्हाई."

दुपारनंतर औषध उतरलं आणि पोट खरंच ठणकायला लागलं. आवाज काढायचंही त्राण राहिलं नाही. मी डोळे मिटून गप्प पडले.

"उतार पडला वाटतं," सासूबाई म्हणाल्या आणि त्यांनी पुन्हा मोबाईल हातात घेतला.

मग काय, मला परत ओरडावं लागलं.